नवख्यांना पहिलं ओपनिंग: इटालियन, पण सुरुवात एफ७ पासून

बुद्धिबळाची मोहरी कशी चालतात एवढंच माहीत असलेल्या, सुट्टीत गंमत म्हणून खेळणाऱ्या मित्रांना पहिलं ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चाली) कोणतं आणि कसं शिकवावं, असं तुम्ही विचारलंय.

इटालियन नावाचं ओपनिंग शिकवा, पण चाली पाठ करून घेऊ नका. पट मांडा, एफ७ वर (पांढऱ्याच्या डावीकडून सहावा उभा स्तंभ, खालून सातवी ओळ) बोट ठेवा आणि विचारा, ‘हे प्यादं कोण राखतंय?’ काळ्याच्या बाकी सातही प्याद्यांना हत्ती, उंट, वजीर, कुणी ना कुणी आहे. याच एकाला राजाशिवाय वाली नाही. हे दिसलं की पुढचं सोपं.

मग आपलं, म्हणजे पांढऱ्याचं, प्यादं ई४ वर, काळ्याचं ई५ वर. घोडा एफ३ (ई५ वर हल्ला), काळ्याचा घोडा सी६ (बचाव). आणि उंट सी४, थेट एफ७ वर रोखलेला. तीन चालींत कॅसलिंगची (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याची) वाटही मोकळी. सतराव्या शतकात जोआकिनो ग्रेको या इटालियन खेळाडूने याच डावाचे सापळे लिहून ठेवले, आणि लोक आजही त्यांत अडकतात.

घात होतो चौथ्या चालीला. एफ७ दिसलं की हात शिवशिवतात आणि घोडा जी५ वर जातो. काळ्याने उंट सी५ वर आणला असेल, तर त्याचा वजीर तो घोडा फुकट खातो, कारण आपल्या सी१ च्या उंटाची वाट आपल्याच डी२ च्या प्याद्याने अडवलेली असते. काळ्याचा घोडा एफ६ वर असेल तर वजीर अडतो, आणि तेव्हाच घोडा जी५ वर न्यावा. त्यावर काळ्याचं प्यादं डी५ वर आलं आणि आपल्या ई४ च्या प्याद्याने ते मारलं, की काळ्याने घोड्याने परत मारू नये. मारलं तर आपला घोडा एफ७ वर बळी जातो, राजा बाहेर ओढला जातो आणि आपला वजीर एफ३ वरून शह देत डी५ च्या घोड्यावरही डोळा ठेवतो. काळ्यासाठी बरोबर चाल म्हणजे घोडा ए५ वर, आपल्या उंटावर हल्ला करत. चालींची ही मालिका दोन्ही बाजूंनी खेळवून घ्या.

काळा उंट सी५ वर असेल तर शांत बेत: प्यादी सी३ आणि डी३ वर, कॅसलिंग, हत्ती ई१. हत्ती आधी हलवावा, कारण बी१ चा घोडा डी२, एफ१ मार्गे जी३ ला न्यायचा असतो आणि एफ१ रिकामं लागतं.

तिसऱ्या चालीला काळ्याने घोडा डी४ वर टाकला, तर ई५ चं प्यादं खाऊ नका. काळ्याचा वजीर जी५ वर येऊन आपला घोडा आणि जी२ चं प्यादं दोन्हींवर हल्ला करतो. सरळ डी४ चा घोडा मारा आणि कॅसलिंग करा.