शाळेचं वेळापत्रक घरात का टिकत नाही? घरशाळेच्या दिनक्रमाविषयी प्रश्नोत्तरे

मुलांना घरीच शिकवायचं ठरवलेल्या पालकांचे प्रश्न वेगवेगळ्या गावांहून येतात, पण गोंधळ बहुतेक वेळा तोच असतो. शाळेच्या तासिका कागदावर उतरवून भिंतीला चिकटवल्या जातात, आठवड्याभरात त्या कोलमडतात आणि मग दोष मुलाला दिला जातो. म्हणून या वेळी दिनक्रमाचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

मुलगी सात वर्षांची, मुलगा दहाचा. शाळा साडेपाच तासांची होती. घरी आमचे जेमतेम तीन तास होतात. मुलं मागे पडतील का? (नाशिक)

नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास सांगितले आहेत. भागाकार करून पाहा: दिवसाला चार ते साडेचार तास. तेही भरलेल्या वर्गातले. हजेरी, वह्या तपासणं, फळ्यावरचं उतरवून घेणं, सगळं त्यातच. घरी एकासमोर एक बसून शिकवताना सात वर्षांच्या मुलीला सव्वा ते दीड तास पुरतो, दहा वर्षांच्या मुलाला दोन ते अडीच. मुलीला तीन तास बसवत असाल, तर ते कमी करा.

आठ ते आठ चाळीस गणित, मग मराठी, मग परिसर अभ्यास, असं वेळापत्रक केलं. तीन दिवसांत बारगळलं. साडेसातला पाणी येतं, नऊला मावशी भांड्यांना येतात, मध्येच सासूबाईंची औषधं. कसं जमवायचं? (चिंचवड)

पाणी, मावशी आणि औषधं यांना अडथळा समजू नका. तुमच्या घरात रोज न चुकता होणाऱ्या गोष्टी त्याच आहेत. अभ्यास घड्याळाला बांधू नका, या खुंट्यांना अडकवा. नाश्त्याच्या बश्या उचलल्या की गणित. मावशी गेल्या की वाचन. दुपारच्या जेवणानंतर आजी आडव्या झाल्या की तुम्ही मोठ्याने गोष्ट वाचायची. पाणी वीस मिनिटं उशिरा आलं, तर सगळा दिवस वीस मिनिटं पुढे सरकतो, पण मोडत नाही. घड्याळाच्या वेळापत्रकात आठची वेळ चुकली की पुढचं सगळंच चुकल्यासारखं वाटतं आणि हात गळतात.

सगळ्या खुंट्या एकदम ठोकू नका. पहिले दहा दिवस फक्त नाश्ता आणि गणित. ते अंगवळणी पडलं की वाचन, मग दुपारची गोष्ट. गणित पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त नको, त्यानंतर दहा मिनिटं उठून फिरू द्या. नवीन धडा नेहमी सकाळी. दुपारी उजळणी, चित्र, हातकाम. आज शिकवलेलं उद्या, तीन दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने पाच-पाच मिनिटं पुन्हा विचारा. एकदाच शिकवून सोडलेलं टिकत नाही. संध्याकाळचा किमान एक तास मैदानावर. तो अभ्यास बुडाल्याची शिक्षा म्हणून कधीही कापायचा नाही.

दिनक्रम मोडण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे राहिलेला अभ्यास उद्यावर ढकलणं. चार दिवसांत त्याची उधारी इतकी साचते की मूल वही बघूनच रडायला लागतं. राहिलं ते सोडून द्या. फक्त गणित आणि वाचन सोडायचं नाही. पाहुणे, आजारपण, गणपतीचे दिवस यांसाठी अर्ध्या तासाचा छोटा दिवस आधीच ठरवून ठेवा: दहा मिनिटं पाढे आणि तोंडी हिशोब, पंधरा मिनिटं वाचन, पाच मिनिटं वहीत दोन ओळी. एवढं झालं तरी साखळी तुटत नाही.

आणि रोज एका वहीत एकच ओळ लिहा: तारीख, काय झालं, कुठे अडलं. ही ओळ का महत्त्वाची, ते खाली साडेआठ वर्षांच्या मुलाच्या उत्तरात सांगितलं आहे.

शनिवार-रविवार सुट्टी द्यावी का?

द्यावी. रात्री गोष्ट मात्र वाचा.

मोठी नऊ वर्षांची, धाकटा पाचचा. मोठीला शिकवायला बसलं की धाकटा पेन्सिली पळवतो. (कोल्हापूर)

क्रम उलटा करा. आधी वीस मिनिटं पूर्ण लक्ष धाकट्याला द्या: गाणं, दहापर्यंत वस्तू मोजणं, एक अक्षर पाटीवर गिरवणं. त्याचं पोट भरलं की मोठीकडे वळा. त्या वेळी धाकट्याला एक डबा द्या, जो फक्त याच वेळी बाहेर येतो. त्यात राजमा, छोले आणि वाल एकत्र करून ते वाटीत वेगळे करायला द्या, कपड्यांचे चिमटे आणि पुठ्ठा द्या, मळलेली कणीक द्या. डबा दर सोमवारी बदला, नाहीतर त्याची किंमत जाते. घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल, तर कडधान्यं आणि मणी अजिबात नकोत. ते नाकात किंवा घशात जातात. गोष्ट आणि मैदान दोघांचं एकत्रच ठेवा.

एका कंपनीचा वर्षभराचा संच बारा हजारांना आहे. रोजचं वेळापत्रक, वर्कशीट, अ‍ॅप सगळं येतं. घ्यावा का?

घेऊ नका. तुमच्या घरात पाणी किती वाजता येतं, हे त्या कंपनीला माहीत नाही. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात, सरकारचं दीक्षा हे अभ्यासाचं अ‍ॅपही फुकट आहे. अंकासाठी काड्या आणि बिया, अपूर्णांकासाठी पोळी, मापनासाठी स्वयंपाकघरातला काटा. एवढ्यावर तिसरी-चौथीपर्यंतचं बहुतेक गणित होतं. ‘दहावी पास होण्याची हमी’ देणाऱ्या मध्यस्थांपासून तर दहा हात लांब राहा. परीक्षेची नोंदणी मंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः करता येते. परीक्षेत पास होण्याची हमी कोणीही देऊ शकत नाही.

मुलगा साडेआठ वर्षांचा आहे. हुशार आहे, गोष्टी ऐकून सगळ्या सांगतो, पण वाचत नाही. पालकांच्या ग्रुपवर सांगतात की जबरदस्ती नको, काही मुलं अकराव्या-बाराव्या वर्षी आपोआप वाचू लागतात. दिनक्रमातून वाचन काढून टाकावं का? (ठाणे)

काढू नका. आणि आता थांबूही नका.

‘तयार झाला की वाचेल’ हा सल्ला देणाऱ्यांनी तुमच्या मुलाला वाचताना ऐकलेलं नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत थोडी वाट पाहणं समजू शकतं. साडेआठ वर्षांचा, चांगलं बोलणारा, चांगलं समजणारा मुलगा रोज सराव करूनही वाचत नसेल, तर त्याला धीर नको, तपासणी हवी. शाळेत असता, तर ही अडचण बाईंच्या कधी ना कधी लक्षात आली असती. घरी ती लक्षात आणून देणारं दुसरं कोणी नाही, म्हणून ते काम तुमच्या रोजच्या वाचनाच्या पंधरा मिनिटांना करावं लागतं.

दोन आठवडे असं करा. बालभारतीच्या दुसरीच्या मराठी पुस्तकातलं, त्याने न पाहिलेलं पान घ्या. एक मिनिट वाचू द्या, मध्ये सुधारू नका. किती शब्द वाचले आणि कुठे चुकला, ते वहीत लिहा. चुका नीट बघा. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांत गोंधळ होतो का? पहिलं अक्षर पाहून शब्दाचा अंदाज बांधतो का, म्हणजे ‘कमळ’चं ‘कपाट’ होतं का? मात्रा आणि वेलांट्या गाळतो का? र-ची रूपं ओळखतो का: सूर्य, प्राणी, ट्रक? ओळीवरून बोट सुटलं की जागा हरवते का? कालचा शब्द आज पुन्हा नवा वाटतो का? एखाद्या दिवशीची चूक काही सांगत नाही. दोन आठवड्यांच्या नोंदींत तीच चूक सतत दिसत असेल, तर ती खूप काही सांगते.

तपासण्यांसाठी मात्र ही नोंद पूर्ण होण्याची वाट पाहू नका. पहिली डोळ्यांची, नेत्रतज्ज्ञांकडे. चष्म्याच्या दुकानातली पुरेशी नाही. दुसरी कानांची श्रवणचाचणी, कारण घ आणि ध वेगळे ऐकूच येत नसतील, तर लिहिणार-वाचणार कसे? दोन्ही ठीक निघाल्या, तर मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ डॉक्टर किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्याकडे अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे हुशार असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या अडचणीचं मूल्यमापन. ते एका भेटीत होत नाही. बुद्धिमापन, वाचन, लेखन आणि गणित वेगवेगळं तपासलं जातं. मूल घरी ज्या भाषेत शिकतं, ते आधीच सांगा. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. ठाण्याहून तिथे जाणं अवघड नाही. जाताना ती वही न्या. ‘वाचत नाही’ एवढं सांगण्यापेक्षा तारखांसह लिहिलेल्या चुका तपासणाऱ्याला फार उपयोगी पडतात.

सर्वसाधारणपणे आठव्या वर्षापासून, म्हणजे तिसरीच्या सुमारास ही तपासणी करतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असेल, तर पुढे मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. पण प्रमाणपत्रापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे योग्य पद्धतीने शिकवणं लवकर सुरू होणं. बाराव्या वर्षापर्यंत थांबलेलं मूल तोवर स्वतःला ‘ढ’ समजू लागलेलं असतं, आणि ते पुसणं वाचायला शिकवण्यापेक्षा अवघड जातं.

तोवर दिनक्रमात रोज तीन तुकडे ठेवा: पाच मिनिटं त्याला येणारं जुनं पान, पाच मिनिटं नवे चार-सहा शब्द, पाच मिनिटं तुम्ही वाचायचं आणि त्याने बोट फिरवायचं. नातेवाइकांसमोर वाचायला लावू नका. आणि तपासणीची वेळ या आठवड्यातच घ्या, परीक्षांचा हंगाम संपल्यावर नको.

पुढच्या वर्षी आम्ही जर्मनीला जातोय. तिथेही होमस्कूलिंग चालू ठेवता येईल ना?

नाही. तिथे शाळेत जाणं सक्तीचं आहे आणि अपवाद अगदी विरळ आहेत. निघण्याआधी राहणार त्या शहराच्या शिक्षण कार्यालयाशी बोला, आणि आत्ताच्या दिनक्रमात वाचनानंतर वीस मिनिटं जर्मन घाला.

मुलगी तेरा वर्षांची आहे. दहावी घरूनच करायची आहे. दिनक्रम आतापासून बदलावा का? आणि कायद्याने हे चालतं का? (पुणे)

बदलावा. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, तिच्या दहावीसाठी वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, किमान पाच विषय घ्यावे लागतात, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. पाचही विषय एकाच वेळी देण्याची सक्ती नाही. तिचे दोन सोपे विषय आधी आणि गणित-विज्ञान नंतर, अशी मांडणी करता येते. आता दिवसाला साडेतीन ते चार तास, आणि आठवड्यातून दोनदा घड्याळ लावून सलग दीड तास उत्तरं लिहिण्याचा सराव. घरी शिकलेली मुलं बहुधा इथे अडतात: उत्तर येतं, पण हात वेळेत चालत नाही. राज्य मंडळाची दहावी द्यायची असेल, तर शाळेत न जाता खासगीरीत्या परीक्षेला बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. दोन्हींच्या अटी आणि तारखा त्या वर्षीच्या परिपत्रकातच पाहा, कोणाच्या फॉरवर्डवरून नाही.

कायद्याचं म्हणाल, तर शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १०नुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे. होमस्कूलिंगची वेगळी तरतूद त्यात नाही, पालकांना शिक्षेचीही नाही. कलम ४मुळे शाळेत परतायचं झालं, तर मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. तुमच्या बाबतीत काही अडचण दिसत असेल, तर शिक्षण कार्यालयात आणि गरज वाटल्यास वकिलांना विचारा. शाळा सोडल्याचा मूळ दाखला मात्र आजच शोधून फाइलला लावा. १७ नंबरला तो लागतो, आणि तो हरवल्याचं बहुतेकांच्या लक्षात अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात येतं.