पदकाची आशाच नाही, त्या खेळाडूंना उद्घाटनाच्या संचलनात न्यायचं कशाला?

पूर्ण प्रश्न असा आहे: "ऑलिम्पिक किंवा राष्ट्रकुल स्पर्धांच्या उद्घाटनात खेळाडूंचं संचलन तासन्‌तास चालतं. त्यातल्या कितीतरी देशांना एकही पदक मिळत नाही. नुसतं झेंडा घेऊन चालायला त्यांना कशाला न्यायचं? आणि देशांचा क्रम कोण ठरवतं?"

क्रमाचं नंतर बघू. तुमचा तो 'नुसतं' मला लागला. माझा सख्खा दादा २००८ पासून हाच शब्द वापरतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबलं तर समजून घ्या.

ऑक्टोबर २००८. पुण्यात बालेवाडीला राष्ट्रकुल युवा स्पर्धा होत्या. ७१ देश, सगळे शाळा-कॉलेजच्या वयाचे खेळाडू. मी एस. वाय.ला होते. स्वयंसेवक म्हणून नाव दिलं आणि देशाच्या नावाची पाटी धरून संघाच्या पुढे चालायचं काम मिळालं. आठ दिवस तालीम केली. पाटी छातीच्या उंचीवर, कोपरं आत, मागे वळून बघायचं नाही, हसायचं पण खिदळायचं नाही. घरी पोळपाट छातीशी धरून हॉलमध्ये फेऱ्या मारायचे. आईने एव्हाना सगळ्या बिल्डिंगला सांगून ठेवलं होतं.

१२ तारखेला, उद्घाटनाच्या दिवशी दुपारी, हातात यादी घेऊन फिरणाऱ्या एका बाईंनी माझ्या नावावर काट मारली. म्हणे उंची जुळत नाही, तू बाहेर टीम रांगेत लावायला थांब. माझ्या जागी जी आली ती माझ्याहून दोन बोटं बुटकी होती. ती कुणाची कोण हे मी आजवर विचारलेलं नाही.

तर मी बाहेर. टीव्हीवर तुम्हाला बोगद्यातून बाहेर येऊन हात हलवणारे खेळाडू दिसतात. त्याआधी ते किती वेळ ताटकळत असतात ते दिसत नाही. पुण्यातला ऑक्टोबर, अंगात ब्लेझर. कोणी डांबरावर फतकल मारून बसलंय, कोणी बिल्ल्यांची अदलाबदल करतंय. माझ्या वाट्याला दोन खेळाडूंचा एक देश आला. पॅसिफिकमधलं एक बेट. नाव लिहीत नाही, कारण दोघांतला कोण ते लगेच कळेल. एक मुलगा, एक मुलगी आणि सोबत एक घामाघूम मॅनेजर काका.

मुलगा वेटलिफ्टर. दंड माझ्या मांडीएवढे. आणि त्याला झेंड्याची काठी पेलत नव्हती! वजन म्हणाल तर काहीच नाही, पण उंच काठी सरळ धरून बराच वेळ उभं राहायचं तर मनगट भरून येतं. तो काठी खांद्यावर टाकायचा, मॅनेजर ओरडायचे, तो परत सरळ करायचा. त्याचं इंग्रजी वेगळं, माझं इंग्रजी वेगळं.

मी तेव्हा ढोल-ताशा पथकात होते. दसरा होऊन तीनच दिवस झाले होते, ढोल कमरेला बांधायचा सुती पट्टा अजून सॅकमध्येच होता. घामाने कडक झालेला, वास येणारा. तो काढला, त्याच्या कमरेला दोन वेढे दिले, पुढे पोटाशी गाठीचा खळगा केला आणि काठीचं बूड त्यात बसवलं. आमच्या पथकातला ध्वजवाला सांगायचा, काठी हाताने नाही, कमरेने पेलायची. पोराने हात सैल सोडून बघितला. काठी उभी. असा हसला की मॅनेजर पण हसले.

मग त्याने खुणेने विचारलं, चालायचं कसं? किती जोरात? पाटीवाली मुलगी तर आत जायच्या वेळी भेटणार होती. म्हणून मी बाजूचा पाण्याच्या बाटल्यांचा पुठ्ठा उचलला, छातीच्या उंचीवर धरला, कोपरं आत घेतली आणि चालायला लागले. मागे तो, त्याच्या मागे ती मुलगी. स्टँडच्या मागच्या बाजूने, जनरेटरला वळसा घालून, उभ्या बसपर्यंत आणि परत. माझ्या पाटीवर छापलेलं होतं, '२४ नग, उलटे ठेवू नये'. वाटेतल्या दोन-तीन संघांनी टाळ्या वाजवल्या. मी वळून बघितलं नाही. तालमीत तसंच शिकवलं होतं.

पुढे ते आत गेले. मला बाहेर फक्त लाऊडस्पीकरवर देशाचं नाव ऐकू आलं आणि टाळ्या. भारताला पडल्या तेवढ्या नाहीत, पण पडल्या. त्या पोराला पदक मिळालं नाही. पट्टाही परत आला नाही.

ही गोष्ट घरी सांगितली तर दादा म्हणाला, "म्हणजे तू बाहेर पुठ्ठा घेऊन फिरलीस आणि ते आत झेंडा घेऊन. पदक कुणालाच नाही. खर्च कोणाचा?" दोनच महिन्यांपूर्वी बीजिंग ऑलिम्पिकला नेमबाज अभिनव बिंद्राने सुवर्ण मारलं होतं, त्यामुळे स्वारी तोऱ्यात होती. पुण्यातही भारत ३३ सुवर्णांसह पहिला आला, मग तर बघायलाच नको.

आता दादाला तेव्हा न सुचलेलं उत्तर. हाच बिंद्रा २००० मध्ये सतरा वर्षांचा असताना सिडनीला गेला होता. पदक नाही. २००४ ला अथेन्सला गेला, अंतिम फेरीत सातवा. पदक नाही. तुमच्या हिशेबाने त्याला तिसऱ्यांदा विमानात बसवायलाच नको होतं. आणि आपले खाशाबा जाधव? १९४८ ला लंडनमध्ये सहावे आले. गादीवरच्या कुस्तीचे नियम तिथे जाऊन कळले, म्हणून १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आलं. टोंगाचा खेळाडू पिता टाउफाटोफुआ (पिता हे त्याचं नाव) २०१६ ला रिओत अंगाला तेल चोपडून उघड्या छातीने झेंडा घेऊन आला आणि तायक्वांदोत पहिल्याच फेरीत हरला. पण टोंगा नावाचा देश आहे हे किती जणांना त्याच्यामुळे कळलं! ऑलिम्पिकमध्ये अशा लहान देशांसाठी ॲथलेटिक्स आणि पोहण्यात मुद्दाम जागा राखलेल्या असतात. कोणी फुकटात घुसत नाही.

वेळ वाचवायचाच असेल तर भाषणं कापा, आणि ब्लेझर घालून खेळाडूंच्या पुढे पुढे करणारे पदाधिकारी कापा.

हां, क्रम. ऑलिम्पिकला ग्रीस पहिला, यजमान शेवटी, मधले देश यजमानांच्या भाषेच्या क्रमाने. बीजिंगला चिनी अक्षरांतल्या रेघांच्या संख्येवर क्रम होता, म्हणून ऑस्ट्रेलियासारखा देश पार शेवटाकडे गेला. टोकियोला जपानी वर्णमालेने भारत २१वा आला. निर्वासितांचा संघ रिओला यजमानांच्या आधी होता, टोकियोपासून ग्रीसच्या पाठोपाठ असतो. टोकियोपासूनच पुढच्या ऑलिम्पिकचे यजमान शेवटाकडे येतात. राष्ट्रकुलची पद्धत वेगळी, तिथे आधीचा यजमान पहिला. म्हणून २०१४ ला ग्लासगोत आपण सर्वांत आधी आत शिरलो.

एक मान्य करते. ज्याची दुसऱ्या दिवशी सकाळी स्पर्धा आहे त्याने तासन्‌तास उभं राहू नये, आणि बरेच जण राहतही नाहीत. पॅरिसला २०२४ मध्ये बोटीतून संचलन आणि वर धो धो पाऊस, तेही मला पटलं नाही. चालायचं ते पायाने. पण महिन्याभराने तिथल्याच पॅरालिम्पिकला नांदेडची गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव भालाफेकपटू सुमित अंतिलसोबत तिरंगा घेऊन आली. तिलाही पदक मिळालं नाही. तिला 'नुसतं' म्हणून दाखवा.

बाकी पॅरिसच्या त्या रात्री, मध्यरात्र उलटून गेल्यावर, दादाचा फोन आला होता. "झोपलीस का? भारत कितवा आहे गं? इथे नुसत्या बोटीच चालल्यात."

८४वा, म्हटलं. बस जागत.