टूलच्या वर्णनात ‘काढणे’ चालेल का?

प्रश्न असा आलाय: वाचनालयाची सभासद यादी सांभाळणारा एआय एजंट (सांगितलेली कामं स्वतः पार पाडणारा प्रोग्राम) बनवतोय, त्याच्या एका टूलचं (म्हणजे ठरावीक काम करायला त्याला दिलेल्या सोयीचं) वर्णन मराठीत लिहिलंय, ‘यादीतून थकबाकीदार सभासद काढतं’. इथे ‘काढणे’ बरोबर की ‘हटवणे’?

तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं, तरी कळेना की हे टूल थकबाकीदारांची नावं शोधून देतं की यादीतून उडवतं. ‘हटवणे’ चालेल का विचारताय म्हणजे उडवत असणार, पण हे मला तुमच्या प्रश्नावरून कळलं, वर्णनावरून नाही. आणि एजंटला तुमचा प्रश्न दिसत नाही ना! त्याच्यापुढे टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर (टूलला कोणती माहिती द्यायची ते) एवढंच असतं, आतला कोड सहसा नसतोच. उद्या ग्रंथपालबाईंनी ‘थकबाकीदार कोण कोण आहेत ते काढ जरा’ असं टाइप केलं की शब्द जुळला म्हणून तो हेच टूल चालवू शकतो, म्हणजे बाईंना हवी होती यादी आणि इकडे सभासदच गेले.

‘काढणे’ हा माझा फार आवडता शब्द आहे. आपण तिकीट काढतो, फोटो काढतो, कर्ज काढतो, दूध काढतो, विषय काढतो, दिवस काढतो आणि नोकरीवरून माणूसही काढतो. मूळ प्राकृतातलं ‘कड्ढ’, म्हणजे ओढणे. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात (१२वं शतक) संस्कृत ‘कृष्’ धातूच्या जागी येणारं रूप म्हणून ते दिलंय. म्हणजे आतून बाहेर ओढलं, इतकंच हे क्रियापद सांगतं. ज्यातून ओढलं तिथे मागे काय उरलं याबद्दल ते गप्प! फोटो काढला तर समोरचा माणूस आहे तसाच राहतो, बँकेतून पैसे काढले तर तेवढे कमी होतात, आणि हा फरक आपण अनुभवाने भरून काढतो (बघा, इथेही काढलाच). ‘यादीतून पाच नावं काढ’ हे तर माणसांनाही दोन्ही प्रकारे कळतं, बोलताना आपण लगेच विचारतो, ‘काढू म्हणजे, खोडू का?’ टूलच्या वर्णनात नेमकं हेच लिहायला पाहिजे, की यादीत मागे काय उरतं.

मग ‘हटवणे’? चालेल. अतिक्रमण हटवतात तसं बाजूला सारणे हा अर्थ जुना, पण फोनमुळे ‘हटवा’ म्हणजे डिलीट हे आता सगळ्यांना माहितीये. माझा कल आधी ‘वगळणे’कडे होता, कारण मतदार यादीतून नाव कमी करतात तेव्हा तोच शब्द असतो, पण ‘थकबाकीदार वगळून यादी दे’ यात नावं डिलीट होत नाहीत, त्या वेळेपुरती बाजूला राहतात, म्हणून तोही सोडला. ‘रद्द करणे’ तर नकोच, सभासदत्व रद्द झालं तरी रजिस्टरात नोंद असतेच.

खरं तर एका क्रियापदावर सगळा भार टाकूच नका. मी असं लिहीन: ‘दिलेल्या सभासद क्रमांकाची नोंद यादीतून कायमची डिलीट करतं. ती परत आणता येत नाही. थकबाकीदारांची नुसती नावं हवी असतील तर हे टूल वापरू नये, त्यासाठी “थकबाकीदार दाखवा” हे टूल आहे.’ लांबलं तर लांबू दे. कधी वापरू नये हे वाक्य लोक हमखास गाळतात आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल वापरत असाल (एआयला बाहेरची टूलं जोडायची ठरलेली पद्धत, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली) तर त्यात ‘रीड-ओन्ली हिंट’ (टूल फक्त वाचतं, बदलत नाही), ‘डिस्ट्रक्टिव्ह हिंट’ (टूल काही पुसून टाकू शकतं) अशा खुणा टूलला लावता येतात, त्या लावाच, पण नावाप्रमाणे त्या हिंटच आहेत, वर्णन नीटच लिहावं लागतं.

अजून एक, विचारलं नाहीये तरी सांगते. पुस्तक परतीच्या तारखेचा पॅरामीटर असेल तर ‘२०२५-०३-१४ अशी पूर्ण तारीख’ असं त्याच्या वर्णनात लिहा, आणि सभासद नुसतं ‘परवा’ म्हणाला तर एजंटने आधी विचारून घ्यावं हेही लिहा, कारण आपला परवा होऊन गेलेलाही असतो आणि यायचाही असतो.