मिथेन ५० च्या वर जात नाही? सेन्सर बदलायच्या आधी हे बघा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की शेगडी मस्त निळी जळते, पण अ‍ॅनालायझर (गॅसमध्ये काय किती टक्के ते मोजणारं मशीन) मिथेन ५०-५१ टक्क्यांच्या वर दाखवत नाही, आणि सर्व्हिसवाला सेन्सर बदला म्हणतो. थांबा जरा. हिंगणघाटजवळ आमच्या गोठ्यावरच्या बायोगॅस प्लांटला हेच झालं होतं. मी इंजिनिअर नाही, शेणात हात घालणारा माणूस. तुमचं मॉडेल वेगळं असेल तर मॅन्युअलचं आधी ऐका, माझं नंतर.

आमचं मिथेन ५१, कार्बन डायऑक्साइड ३४, ऑक्सिजन अर्धा टक्का. बेरीज साडेपंच्याऐंशी. बाकीचा गॅस गेला कुठं? हवा शिरली म्हणावं तर ऑक्सिजनही तीन-चार टक्के दिसायला पाहिजे होता. हा हिशोब मी तेव्हा केलाच नाही. ढेपेला दोष दिला, शेणकाला पातळ करून पाहिला, गड्यावर विनाकारण ओरडलो.

मग मशीन शहरात कॅलिब्रेशनला, म्हणजे माहीत असलेल्या गॅसवर आकडे जुळवून घ्यायला पाठवलं. बावीस दिवसांनी परत आलं, नवं स्टिकर, बिल आणि 'ओके' लिहिलेली चिठ्ठी घेऊन. आधी किती दाखवत होतं, नंतर किती, कोणत्या सिलिंडरवर तपासलं, एक आकडा नाही. फोन केला की "साहेब बाहेर गेले". पहिल्या दिवशी ५८ आलं, मी खूश. रीडिंग झाल्यावर सवयीनं झिरो मारला (म्हणजे आत आहे ती मोकळी हवा, तिथं मिथेन शून्य, असं मशीनला शिकवलं), दुसऱ्या दिवशी पुन्हा ५१. पुन्हा पाठवलं, पुन्हा स्टिकर, पुन्हा बिल. स्टिकरचे पैसे घेता तर बाप्पा, दोन आकडे तरी लिहा ना!

घोळ माझाच होता. गॅस ओला येतो म्हणून मशीनच्या आधी मी पाण्याची अर्ध्या लिटरची रिकामी बाटली लावली होती, झाकणाला दोन भोकं पाडून, एम-सील लावून. रीडिंग झालं की प्लांटकडची नळी काढायची, दोन मिनिटं मशीनचा पंप चालवायचा आणि झिरो. पंप ओढतो मिनिटाला अर्धा लिटर. बाटलीतला गॅस काही एकदम निघून जात नाही, आलेल्या हवेत मिसळत राहतो. दोन मिनिटांनी आत आठवा हिस्सा तरी गॅस असतोच. म्हणजे ७ टक्के मिथेनला मशीन शून्य समजून बसलं.

सापडलं ते योगायोगानं. एकदा बाटली न लावता निंबाखाली मशीन सुरू केलं तर ऑक्सिजन २३.७, मिथेन उणे ७. आता हवेत २०.९ च्या वर ऑक्सिजन आणायचा कुठून?

आता मी बाटली-नळी सगळं काढून, प्लांटपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊन पाच-सात मिनिटं पंप चालवतो, मगच झिरो. मे महिन्यात भर दुपारी तर नाहीच, मशीन सावलीत थंड झाल्यावर. बाटलीही फेकली, पाणी अडवायला छोटा काचेचा ट्रॅप लावला. स्पॅनसाठी (म्हणजे वरचा आकडा जुळवायला) ६० टक्के मिथेन, ४० टक्के कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर मिळतो, घेताना मुदत बघा. हायड्रोजन सल्फाइडचं (सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी गॅस) रीडिंग झालं की लगेच मोकळी हवा द्या, तो मोजणारा सेल लवकर मरतो. आणि वास येत नाही म्हणून टाकीत डोकं घालू नका, हा गॅस १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर) वर गेला की नाकच बधिर होतं.

तुमचा सेन्सर खरंच गेलेलाही असू शकतो, इथून कसं सांगू. पण पैसे भरायच्या आधी नळ्या काढून, आत्ताचा झिरो न बदलता, मोकळ्या हवेत ऑक्सिजन किती दाखवतो ते इथं लिहा.