फॉबस 'राज्यपाल' होते का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या लिटल रॉकच्या शाळा-प्रकरणावर (1957 साली गोऱ्यांच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना घेण्यावरून झालेला तंटा) मराठीत लिहिताना ऑर्व्हल फॉबस यांना 'अर्कान्सासचे राज्यपाल' म्हणावं, 'मुख्यमंत्री' म्हणावं, की सरळ 'गव्हर्नर'?

माझं मत गव्हर्नरला. वर्तमानपत्रं सर्रास राज्यपाल छापतात, पण तो शब्द वाचला की आपल्या डोळ्यांपुढे राजभवन येतं. राष्ट्रपतींनी नेमलेले, मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं सह्या करणारे गृहस्थ. फॉबस यांना कुणी नेमलं नव्हतं. 1954 साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी झालेल्या निवडणुकीत त्यांनी पदावर बसलेल्या फ्रान्सिस चेरींनाच पाडलं. मुदत दोन-दोन वर्षांची. ते लागोपाठ सहा वेळा निवडून आले आणि 1967च्या जानेवारीत पायउतार झाले.

आता 'राज्यपालांनी शाळेपुढे सैनिक उभे केले' हे वाक्य वाचा. मराठी वाचक लगेच विचारणार, मग मुख्यमंत्री काय करत होते? तिथे मुख्यमंत्री नसतोच. नॅशनल गार्ड हे राज्याचं दल, त्यावर हुकूम गव्हर्नरचा. 2 सप्टेंबर 1957ला फॉबस यांनी ते बोलावलं, नऊ कृष्णवर्णीय मुलांना सेंट्रल हायस्कूलच्या बाहेर ठेवायला. 4 तारखेला 15 वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड एकटीच आली, तर जवानांनी तिची वाट अडवली आणि मागे जमाव ओरडत राहिला. अखेर 24 तारखेला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी तेच गार्ड केंद्राच्या हुकमाखाली घेतलं, शिवाय केंद्राच्या लष्कराच्या 101व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक धाडले. दुसऱ्या दिवशी मुलं वर्गात बसली.

गंमत म्हणजे तोवर फॉबस मवाळच समजले जात. पण पुढची निवडणूक 1958ची होती, आणि गोऱ्या मतदारांचा कल त्यांना दिसत होता. 'राज्यपाल' लिहिलंत की नेमकी ही मतांची गोष्ट झाकली जाते. नेमलेल्या माणसाला कुणाच्या मतांची भीती?

'मुख्यमंत्री' अर्थाला जवळचा, पण तोही फसवतो. सभागृहातलं बहुमत गेलं की आपला मुख्यमंत्री घरी जातो. तिथल्या गव्हर्नरची खुर्ची त्यावर टेकलेली नसते.

आणि गव्हर्नर हा शब्द परका कुठे राहिलाय? मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन असं आपण शाळेपासून वाचतो, रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना तर कुणी राज्यपाल म्हणत नाही. लेफ्टनंट गव्हर्नरही तसाच ठेवा. 'नायब राज्यपाल' म्हटलं की थेट दिल्ली आठवते.

जाता जाता, 'अर्कान्सास' नको, 'आर्कन्सॉ' लिहा. शेवटचा 'स' बोलायचा नाही, असा ठराव तिथल्या विधिमंडळानं 1881 सालीच केलाय.