फ्रॅटर्निटी, सोरॉरिटी आणि भगिनी मंडळ

प्रश्न : अमेरिकेतील विद्यापीठ-जीवनावरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद करणाऱ्या वाचक भगिनींनी विचारले आहे की, कॉलेजांतल्या वेचक सभासदांच्या मंडळांपैकी ‘फ्रॅटर्निटी’साठी (सहसा मुलग्यांचे मंडळ) ‘भ्रातृसंघ’ आणि ‘सोरॉरिटी’साठी (मुलींचे मंडळ) ‘भगिनी मंडळ’ असे प्रतिशब्द योजावेत का, आणि तिथल्या ‘हेझिंग’ला, म्हणजे सभासद होऊ पाहणाऱ्या उमेदवाराच्या छळाला, आपल्याकडे रुळलेला ‘रॅगिंग’ हा शब्द चालेल का.

उत्तर : अर्थाच्या अंगाने पाहिले तर आपले प्रतिशब्द निर्दोष आहेत. लॅटिन ‘फ्रातेर’ आणि संस्कृत ‘भ्रातृ’, तसेच लॅटिन ‘सोरोर’ आणि संस्कृत ‘स्वसृ’ (म्हणजे भगिनीच) हे एकाच मूळ कुळातले शब्द आहेत. परंतु शब्द कोशात असतो तसा वाचकाच्या मनात नसतो. ‘भगिनी मंडळ’ म्हटले की मराठी वाचकापुढे हळदीकुंकू, पाककृती-स्पर्धा आणि फार तर एखादे पाळणाघर उभे राहते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलींनी निवडफेऱ्यांतून प्रवेश मिळवायचा, वर्षाकाठी भरभक्कम वर्गणी भरायची आणि पुढे आयुष्यभर जिचे सभासदत्व मिरवायचे, अशी संस्था त्यातून काही केल्या दिसत नाही. ‘बंधुता’ हा पर्यायही सुचेल, पण तो शब्द तर आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत ‘फ्रॅटर्निटी’साठीच आलेला आहे आणि डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात स्वातंत्र्य व समतेच्या बरोबरीने त्यावर इतका भर दिला की, वेचक मुलांनाच दार उघडणाऱ्या मंडळासाठी तो वापरणे मला तरी रुचणार नाही.

दुसरी अडचण अशी की ‘फ्रॅटर्निटी’ म्हणजे मुलग्यांची आणि ‘सोरॉरिटी’ म्हणजे मुलींची, ही वाटणी प्रत्यक्षात तितकी सरळ नाही. ग्रीक अक्षरांचे नाव धारण करणारी पहिली संस्था, ‘फाय बीटा कॅपा’, ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजात स्थापन झाली. ती पुढे गुणवंतांचा सन्मान करणारी संस्था झाली आणि १८७५पासून तिच्यात स्त्रियाही येऊ लागल्या. मुलींनी १८७०च्या सुमारास स्वतःच्या संस्था काढल्या, तेव्हा त्यांनीही आपल्याला ‘फ्रॅटर्निटी’च म्हणवून घेतले, कारण दुसरा शब्द हाताशी नव्हता, त्यांपैकी ‘कॅपा अल्फा थीटा’सारख्या संस्थेच्या अधिकृत नावात आजही तोच शब्द आहे. ‘सोरॉरिटी’ हा शब्द या अर्थाने आला तो १८७४मध्ये, सिरॅक्यूज विद्यापीठातील ‘गॅमा फाय बीटा’च्या निमित्ताने, आणि तो सुचवला लॅटिन शिकवणाऱ्या फ्रँक स्मॉली यांनी. याखेरीज व्यवसाय-शिक्षणाच्या आणि समाजसेवेच्या फ्रॅटर्निटी आहेत, ज्यांत मुलगे-मुली दोघेही असतात. स्त्री-पुरुष भेदभावाला मनाई करणाऱ्या १९७२च्या ‘टायटल नाइन’ कायद्यातून सूट, म्हणजे केवळ मुलगे किंवा केवळ मुली घेण्याची सवलत, मिळाली ती केवळ सामाजिक स्वरूपाच्या संस्थांना. तेव्हा सभासद-मुलीच्या तोंडी ‘भ्रातृसंघ’ घालण्याची वेळ अनुवादकावर सहज येऊ शकते.

म्हणून माझे मत असे की दोन्ही शब्द जसेच्या तसे ठेवावेत आणि पहिल्या उल्लेखाला एका वाक्यात खुलासा करावा. मात्र खुलासा लिहिताना चित्रपटांनी रुजवलेले चित्र उतरवून घेऊ नये. आपल्या लेखात सोरॉरिटीच्या घरातली, म्हणजे सभासद मुली एकत्र राहतात त्या वास्तूतली, दारूची पार्टी आली आहे, ती मूळ लेखकाकडूनच आली असली तरी तिथे तळटीप द्यावी असे मी सुचवेन. ‘नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स’ या १९०२पासूनच्या महासंघातल्या सोरॉरिटी आपल्या घरांत मद्य येऊ देत नाहीत. पार्ट्या होतात त्या मुलग्यांच्या घरी, आणि त्यामुळे दाराशी कोणाला आत घ्यायचे, पेल्यात काय ओतायचे आणि परत कोणी कसे जायचे, हे सारे यजमान मुलग्यांच्या हाती राहते. या नियमाचा हा उलटा परिणाम अनेक सोरॉरिटी-सभासदांनीच बोलून दाखवला आहे. काही ठिकाणी सोरॉरिटीला असे घर का नाही, याचे उत्तर म्हणून बऱ्याच कॉलेजांत अशीही एक दंतकथा ऐकवली जाते की, एका छताखाली अमुक इतक्यांहून अधिक मुली राहिल्या तर ते घर कायद्याने कुंटणखाना ठरते. असा कायदा कोणाला दाखवता आलेला नाही. पण दरवर्षी नव्या मुलींना तो सांगितला मात्र जातो.

दुसरा ठोकळेबाज समज असा की हा सारा धनिक गोऱ्या मुलामुलींचा खेळ आहे. त्यात तथ्य आहेच. अलाबामा विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलींना सोरॉरिटींतून डावलले जाते, हे २०१३मध्ये तिथल्या विद्यार्थी-वृत्तपत्राने उघडकीस आणले, तेव्हा कुठे दारे किलकिली झाली. परंतु हीच दारे बंद असल्यामुळे कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या संस्था उभ्या केल्या: १९०६मध्ये कॉर्नेलला ‘अल्फा फाय अल्फा’, १९०८मध्ये हॉवर्ड विद्यापीठात ‘अल्फा कॅपा अल्फा’, १९१३मध्ये तिथेच ‘डेल्टा सिग्मा थीटा’. यांतल्या शेवटच्या संस्थेच्या मुली स्थापनेनंतर काही आठवड्यांतच वॉशिंग्टनमधल्या स्त्री-मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. मार्टिन ल्यूथर किंग पहिल्या संस्थेचे सभासद होते, कमला हॅरिस दुसरीच्या आहेत. या संस्थांत पदवीनंतरच्या शाखा तितक्याच जोमाने चालतात, म्हणून ‘विद्यार्थी संघटना’ हा प्रतिशब्दही इथे तोकडा पडतो. १९९८मध्ये टेक्सासात दक्षिण आशियाई मुलामुलींच्याही अशा संस्था निघाल्या, ऑस्टिनला ‘डेल्टा एप्सिलॉन साय’ आणि ‘कॅपा फाय गॅमा’, ह्यूस्टनला ‘डेल्टा फाय ओमेगा’. तिकडे वाढलेल्या मराठी मुलांच्या बोलण्यात हे शब्द येतात ते बहुधा याच वाटेने.

आता ‘हेझिंग’. छळ, अपमान आणि त्यावर गमतीचे पांघरूण, इतके रॅगिंगशी साम्य आहे. पण रचना वेगळी आहे. रॅगिंग नवा म्हणून होते. वसतिगृहात आलेल्या पोराने काही मागितलेले नसते. हेझिंग हे प्रवेशाचे मोल असते. उमेदवार स्वतः दार ठोठावतो, आणि ‘तो आपणहून आला होता’ हा मारणाऱ्यांचा ठरलेला बचाव असतो, जो अनेक राज्यांच्या कायद्यांनी स्पष्टपणे नाकारला आहे. फेब्रुवारी २०१७मध्ये पेन स्टेट विद्यापीठात १९ वर्षांच्या एका उमेदवाराला लागोपाठ दारू पाजण्यात आली, तो जिन्यावरून कोसळला आणि सुमारे बारा तास कोणी मदत बोलावली नाही. तो वाचला नाही. त्यानंतर पेनसिल्व्हेनियाने २०१८मध्ये कडक कायदा केला, आणि डिसेंबर २०२४मध्ये अशा घटनांची नोंद व जाहीर माहिती विद्यापीठांवर बंधनकारक करणारा संघीय कायदा झाला. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदीचा कायदा १९९९चा आहे, हे जाता जाता नोंदवतो. मजकुरात ‘दीक्षेच्या नावाखालचा छळ’ असे लिहून पुढे ‘हेझिंग’ ठेवावे. नुसते ‘रॅगिंग’ लिहिले तर छळ सोसलेला उमेदवार दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच का गेला, हे वाचकाला कळणार नाही.

बाकीच्या शब्दांबद्दल थोडक्यात. ‘चॅप्टर’ म्हणजे शाखा. आपल्या मसुद्यात एके ठिकाणी ‘अध्याय’ झाले आहे, ते बदलावे. ‘बिड’ ही बोली नव्हे, सभासदत्वाचे निमंत्रण होय. ‘ग्रीक’ विद्यार्थी ग्रीसचा नसतो, केवळ ग्रीक अक्षरांच्या संस्थेचा असतो. नव्या मुलीला सांभाळून घेणारी ‘बिग’ आणि ती नवी ‘लिटल’ यांना थोरली आणि धाकटी म्हणावे; घरोघरी चालणारे हे शब्द इथे बेमालूम बसतात.

राहता राहिला ‘फ्रॅट बॉय’. पुष्कळ सभासदांना ‘फ्रॅट’ हे लघुरूप आवडत नाही, आणि ‘फ्रॅट बॉय’ तर कुठल्याही फ्रॅटर्निटीत नसलेल्या मुलालाही चिकटवले जाते. मूळ लेखात बहीण आपल्या भावाला चिडून तसे म्हणते, तिथे फ्रॅटर्निटीचा उल्लेख गाळून ‘बड्या बापाचा उनाड पोरगा’ एवढेच ठेवावे. पुढच्या परिच्छेदात तोच भाऊ रक्तदान शिबिराचा हिशेब मांडत बसलेला आहे, तिथे मात्र ‘फ्रॅटर्निटीचा खजिनदार’ असे पूर्ण लिहावे.