लेखकाने व्याकरण आणि विरामचिन्हे यांची एवढी काळजी का घ्यावी?

बोलताना आवाजाचा चढउतार आणि मधले थांबे अर्थ सांभाळून नेतात. छापील पानावर ते काम विरामचिन्हांना करावे लागते, कारण शंका विचारायला लेखक वाचकासमोर नसतो. सुधा म्हणाली, “माई उद्या येणार नाही,” या वाक्यात न येणारी व्यक्ती माई आहे. ‘माई’नंतर एक स्वल्पविराम दिला की सुधा माईला उद्देशून स्वतःच्या न येण्याबद्दल सांगते आहे, असा अर्थ होतो. जुन्या मोडी लेखनात शब्द सलग लिहिले जात आणि विरामचिन्हे जवळजवळ नसत, त्यामुळे वाक्य कुठे तोडायचे हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागे. आजची विरामचिन्हे मराठीत १९व्या शतकात रूढ झाली आणि त्यात मराठीचे इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांचा वाटा मोठा आहे.

व्याकरणाचेही असेच आहे. ‘शिकाऱ्याला वाघाने मारले’ आणि ‘शिकाऱ्याने वाघाला मारले’ यांत शब्दांचा क्रम तोच आहे. कोण मेले हे केवळ विभक्तिप्रत्ययांवरून कळते. मात्र पात्राच्या तोंडची मालवणी किंवा वऱ्हाडी ‘शुद्ध’ करणे म्हणजे व्याकरण पाळणे, असे मी मानत नाही. त्या बोलींना स्वतःचे नियम आहेत आणि तेही लेखकाने तितक्याच काटेकोरपणे सांभाळायला हवेत.